रास्त भाव आणि पुरता न्याय
निपाणीच्या तंबाखूच्या संदर्भात ‘न्याय्य व्यापार’ या कल्पनेची चिकित्सा

‘न्याय्य व्यापार’ हा शब्दप्रयोग आता आपल्या धर्मग्रामांतही ऐकू येऊ लागला आहे. उपवासकाळातील प्रवचनांत, सामाजिक कार्याच्या शिबिरांत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतही त्याचा उल्लेख होतो. गरीब देशांतील शेतकऱ्याला त्याच्या मालाचे योग्य मोल मिळावे, यासाठी श्रीमंत देशांतील ग्राहकाने चार पैसे अधिक मोजावेत, हा त्याचा सर्वसाधारण अर्थ. ऐकताच पटावी अशी ही कल्पना आहे. तथापि ऐकताच पटणाऱ्या कल्पनांची अधिक काळजीपूर्वक तपासणी करणे हे ईशज्ञानाच्या अभ्यासकाचे कर्तव्य होय, असे आम्ही मानतो. ही तपासणी दूरदेशीच्या उदाहरणांवर करण्यापेक्षा आपल्या परिचयाच्या भूमीत करावी, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेखात निपाणी परिसराची निवड केली आहे. ज्या गावात तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी प्राण गमावले आणि त्याच तंबाखूच्या वखारींत बायांनी मजुरीसाठी संघटना उभारली, त्या गावाइतकी कठोर कसोटी या कल्पनेला दुसरी कोणती मिळणार?

१. कल्पनेचा उगम

आज मालाच्या वेष्टनावर जी न्याय्य व्यापाराची मोहर दिसते तिच्या जन्माशी एका धर्मगुरूचा संबंध आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक नसेल. फ्रान्स व्हान डर होफ हे मूळचे हॉलंडचे कामकरी धर्मगुरू मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात आदिवासी कॉफी उत्पादकांमध्ये राहत होते. मध्यस्थ दलालांच्या हातून सुटण्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. तिचा माल युरोपातील साध्या दुकानांत विकला जावा म्हणून फादर व्हान डर होफ आणि हॉलंडमधील नीको रोझन यांनी १९८८ साली ‘मॅक्स हाव्हेलार’ ही मोहर सुरू केली. हे नाव १८६० सालच्या एका डच कादंबरीवरून घेतले होते. जावा बेटावरील कॉफीच्या सक्तीच्या लागवडीत तेथील रयतेची जी पिळवणूक झाली, तिचे चित्रण मुल्तातुली या टोपणनावाच्या लेखकाने त्या कादंबरीत केले आहे. पुढल्याच वर्षी, १९८९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यातीचे कोटे कोसळले आणि कॉफीचे भाव गडगडले. त्या पडझडीत या मोहरेचे महत्त्व वाढले. १९९७ साली निरनिराळ्या देशांतील अशा मोहरांची एक आंतरराष्ट्रीय संघटना झाली.

या व्यवस्थेचे दोन खांब आहेत. पहिला, किमान भाव : बाजार कितीही उतरला तरी खरेदीदाराने त्याखाली जायचे नाही. दुसरा, अधिमूल्य : भावावर दिली जाणारी वेगळी रक्कम, जिचा विनियोग शेतकऱ्यांच्या संस्थेने एकमताने वा बहुमताने ठरवायचा. कॉफी, चहा, कोको, केळी, साखर, कापूस हे या मोहरेचे प्रमुख जिन्नस. विक्रेता संघटित असावा, त्याला भावाची हमी असावी आणि निर्णयात वाटा असावा, ही तिन्ही तत्त्वे निर्विवाद चांगली आहेत.

ख्रिस्तसभेच्या शिकवणीतही या विचाराला जुना आधार आहे. संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागात क्रयविक्रयातील फसवणुकीचा विचार करताना वस्तू तिच्या मोलापेक्षा महाग विकणे जितके अन्याय्य, तितकेच ती मोलापेक्षा स्वस्त विकत घेणेही अन्याय्य ठरवले आहे. आपण बहुधा या सिद्धान्ताचा पहिला अर्धा भाग सांगतो आणि दुसरा विसरतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुरीबाबत असे प्रतिपादले की, दोन्ही पक्षांनी करार मान्य केला एवढ्याने तो न्याय्य होत नाही. गरजेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’मध्ये हाच नियम राष्ट्राराष्ट्रांतील व्यापाराला लावला. दोन पक्षांचे बळ फार विषम असेल तर केवळ मुक्त स्पर्धेने ठरलेला भाव अन्यायाचा असू शकतो, हे त्यांचे म्हणणे. हा सिद्धान्त हाती घेऊन आपण निपाणीस जाऊ.

२. शेतकऱ्याचा भाव

निपाणी हे पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरील बाजारपेठेचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्याबरोबर ते मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. गावाच्या वेशीपासून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. सीमा कागदावर आली तरी तंबाखूला ती ठाऊक नव्हती. कागल भागातील शेतकऱ्याचा मालही निपाणीच्याच पेठेकडे येई. येथील तंबाखू विडीचा. पावसाळ्यात तरू टाकायचे, रोपे लावायची, शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, आणि संक्रांतीच्या सुमारास कापणी करून पाला उन्हात वाळवायचा, असा त्याचा क्रम.

या पिकाचे एक वैशिष्ट्य अर्थशास्त्राइतकेच नीतिशास्त्रालाही महत्त्वाचे आहे. ज्वारीला भाव आला नाही तर शेतकरी ती घरी खातो. तंबाखू खाता येत नाही, आणि लहान शेतकऱ्याला तो साठवून थांबताही येत नाही. त्यामुळे विकणाऱ्याची निकड आणि घेणाऱ्याची सवड यांचा सामना होतो, आणि भाव सवड असलेलाच ठरवतो. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी केंद्र सरकारने १९७६ साली गुंटूर येथे तंबाखू मंडळ स्थापले आणि कर्नाटकात १९८४ पासून त्याचे जाहीर लिलाव सुरू झाले. विडीच्या तंबाखूला मात्र तसे लिलावाचे छत्र मिळाले नाही आणि हमीभावही नाही. सरकारचे लक्ष या पिकाकडे नव्हते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला तेव्हापासून पुढील साडेतीन दशके शेतकऱ्याच्या पाल्याची मोजदाद सरकारी दप्तरात होत होती. कच्च्या तंबाखूवरील तो कर १९७९ साली उठला. कर घेण्यासाठी ज्या व्यवस्थेला पान न् पान मोजता आले, तिला त्या पानाचा भाव पाहता आला नाही.

या पार्श्वभूमीवर १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेने निपाणी येथे आंदोलन उभारले. श्री. शरद जोशी यांनी चाकणच्या कांद्यापासून सुरू केलेली चळवळ तोवर नाशिकच्या ऊस-कांद्यापर्यंत पोहोचली होती. निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांच्यासारखे स्थानिक नेते तिला मिळाले. १४ मार्चपासून हजारो शेतकरी कुटुंबांसह महामार्गावर ठाण मांडून बसले. त्या वस्तीला ‘आंदोलननगर’ असे नाव पडले. सुमारे तीन आठवडे हे ठाणे शांततेने चालले. ६ एप्रिल रोजी पोलिसी कारवाई झाली, गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या वेळी कर्नाटकात श्री. आर. गुंडूराव यांचे शासन होते.

या घटनेकडे ईशज्ञानाच्या दृष्टीने पाहताना एक गोष्ट नजरेत भरते. या लोकांनी कोणाकडे दान मागितले नव्हते. आपल्या घामाचे दाम मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती. श्री. जोशी यांचा ‘शेतीमालाला रास्त भाव’ हा एककलमी कार्यक्रम हेतुतः दयेच्या भाषेपासून दूर राहिला. येथे न्याय्य व्यापाराच्या पाश्चात्त्य कल्पनेवरील आमचा पहिला आक्षेप उभा राहतो. त्या कल्पनेत भावाचा अंतिम आधार ग्राहकाची सद्भावना हा आहे. ग्राहकाने मोहर पाहून माल घेतला तर शेतकऱ्याला भाव. नाही घेतला तर तोच माल साध्या बाजारात साध्या भावाने. प्रमाणित झालेल्या मालापैकी बराच भाग मोहरेशिवाय विकावा लागतो, ही या व्यवस्थेची ठाऊक असलेली अडचण आहे. ज्याचे देणे आहे त्याला ते देणाऱ्याच्या मर्जीवर सोडणे म्हणजे न्यायाचे रूपांतर दानधर्मात करणे होय. आमोस संदेष्ट्याने माप लहान आणि वजन मोठे करणाऱ्या व्यापाऱ्यांना फटकारले, तेव्हा त्याने त्यांना अधिक उदार होण्यास सांगितले नाही. त्याचा रोष खोट्या तराजूवर होता.

३. वखारीतील बाई

येथवर सारे सरळ वाटते : एका बाजूस शेतकरी, दुसऱ्या बाजूस व्यापारी. परंतु शेतातून निघालेला तंबाखू थेट विडीत जात नाही. तो वखारीत येतो. तेथे तो कुटायचा, चाळायचा, त्यातील काड्या निवडायच्या, आणि हे काम बाया करीत. तंबाखूच्या धुळीत दिवसभर श्वास घ्यायचा, खोकत घरी जायचे, आणि मजुरी मुकादमाच्या मनावर. १९८० च्या सुमारास या बाया संघटित झाल्या. येथेही प्रा. सुभाष जोशी यांचे साहाय्य होते, म्हणजे एकाच गावात, एकाच काळात, काही अंशी एकाच नेतृत्वाखाली दोन लढे चालले होते : एक भावाचा, दुसरा मजुरीचा.

या दुसऱ्या लढ्याचे दोन मोलाचे दस्तऐवज आपल्यापाशी आहेत. पहिला, युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाचा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा १९८२ सालचा लघुचित्रपट. दिग्दर्शन दीपा धनराज यांचे आणि छायाचित्रण नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचे. दुसरा, छाया दातार यांचे ‘वेजिंग चेंज’ हे निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवरील १९८९ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक.

सुमारे पंचवीस मिनिटांच्या त्या चित्रपटाचे आम्हास जे विशेष वाटते, ते त्याच्या कार्यपद्धतीत आहे. चित्रपट करणाऱ्यांनी काही महिने या बायांमध्ये राहून त्यांचे ऐकले आणि मग त्यांच्यासह तो चित्रपट घडवला. वखारीच्या आतील जग त्यापूर्वी पडद्यावर आले नव्हते. बाया येथे कीव करण्याचा विषय होऊन येत नाहीत. त्या आपल्या कामाचे वर्णन करतात, एकमेकींशी मसलत करतात, संघटना कशी बांधायची हे ठरवतात. दारिद्र्यावरील अनेक चित्रपटांत प्रेक्षकाला रडू येते आणि त्या रडण्यात त्याची जबाबदारी वाहून जाते. हा चित्रपट प्रेक्षकाला तशी सवलत देत नाही. मर्यादा सांगायची तर त्याचा परीघ वखारीपुरता आहे. तंबाखू पिकवणाऱ्याच्या भावाचा प्रश्न हा त्याचा विषय नाही, आणि त्यामुळे मजुरी व भाव यांचे नाते प्रेक्षकाला स्वतःच जुळवावे लागते.

ते नाते जुळवताना अडचण येते. श्री. शरद जोशी यांचे प्रतिपादन असे की, शेतीमालाला भाव मिळाला की शेतमजुराची मजुरीही वाढेल. शेतकऱ्याच्या हातीच काही नसेल तर तो मजुराला देणार कोठून? या युक्तिवादात तथ्य आहे आणि तो झटकून टाकणे योग्य होणार नाही. परंतु तो पुरा नाही. भाव मिळाल्याने मजुरी देण्याची शक्ती येते. मजुरी देण्याचे बंधन येत नाही. निपाणीच्या बायांना मजुरीसाठी वेगळी संघटना उभारावी लागली, याचा अर्थ हाच की न्याय वरून खाली आपोआप झिरपत नाही. प्रत्येक पायरीवर तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वाचा असावी लागते.

न्याय्य व्यापाराच्या जागतिक अनुभवातही हीच फट दिसून आली आहे. लंडन विद्यापीठातील ‘सोआस’ या संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली इथिओपिया व युगांडा या देशांतील अभ्यास प्रसिद्ध केला. मोहर मिळालेल्या संस्थांच्या परिसरातील रोजंदार मजुरांची स्थिती मोहर नसलेल्या तुलनीय ठिकाणच्या मजुरांपेक्षा बरी नव्हती, किंबहुना मजुरी पुष्कळदा कमीच होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. लहान शेतांची तुलना मोठ्या मळ्यांशी केली गेली, असा आक्षेप मोहर देणाऱ्या संघटनेने त्यावर घेतला, आणि तोही विचारात घ्यावयास हवा. तथापि मूळ प्रश्न उरतोच. ‘उत्पादक’ या शब्दात जमिनीचा मालक येतो. त्याच्या शेतात वाकणारी मजूर स्त्री त्या शब्दात बसते काय? मळ्यांच्या मजुरांसाठी या व्यवस्थेत वेगळे नियम आहेत. पण लहान शेतकऱ्याचा मजूर हा तिच्या दृष्टीचा सर्वांत अंधुक कोपरा राहिला आहे. हा आमचा दुसरा आक्षेप.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे श्रमावरील परिपत्रक सप्टेंबर १९८१ मध्ये, म्हणजे निपाणीच्या गोळीबारानंतर पाच महिन्यांनी, प्रसिद्ध झाले. एखादी अर्थव्यवस्था न्याय्य आहे की नाही हे पाहण्याची प्रत्यक्ष कसोटी म्हणजे तीत श्रमाचे मोल कसे दिले जाते ही होय, असा त्यातील विचार आहे. हा निकष निपाणीला लावला तर शेवटचा प्रश्न वखारीच्या दारातच विचारावा लागेल.

४. वस्तूचा प्रश्न

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही. न्याय्य व्यापाराची मोहर तंबाखूला मिळत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. ज्या वस्तूने घेणाऱ्याचे फुप्फुस जळते तिचा व्यापार न्याय्य कसा म्हणावा? भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारास २००४ साली मान्यता दिली. विडीची हानी सिगारेटपेक्षा कमी, ही समजूतही आता टिकण्यासारखी नाही.

परंतु मोहर नाकारून प्रश्न सुटतो काय? आमच्या मते, नाही. अपायकारक वस्तू पिकवणाऱ्याचे हक्क त्या वस्तूबरोबर अपायकारक ठरत नाहीत. निपाणीच्या शेतकऱ्याने तंबाखू निवडला तो कोरडवाहू जमीन, पेठेची जवळीक आणि रोख पैशाची गरज यांमुळे. वखारीतील बाईपुढे तर निवड अशी नव्हतीच. उलट ज्या धंद्याला आपण अनिष्ट म्हणतो त्यात राबणारा माणूस दुहेरी उपेक्षित होतो : व्यापारी त्याला भाव देत नाही आणि सज्जन लोक त्याच्याकडे पाहत नाहीत. वर उल्लेखिलेल्या करारातील सतरावे कलम या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि त्यात काम करणाऱ्यांना चरितार्थाचे दुसरे परवडणारे मार्ग मिळण्यास साहाय्य करावे, असे ते सांगते. म्हणजे पीक सोडवावयाचे तर पिकवणाऱ्याला आणि वखारीतील बाईलाही सोबत घेऊनच सोडवावयाचे. धूम्रपानाविरुद्ध प्रवचन करणाऱ्या धर्मगुरूने हे कलमही प्रवचनात घ्यावे.

शिवाय पीक बदलले म्हणजे प्रश्न बदलतो असेही नाही. या परिसरात तंबाखूची बरीच जागा ऊस आणि सोयाबीनने घेतली आहे. उसाला तर केंद्राने ठरवलेला भाव आहे, आणि ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे चुकते करण्याचा नियमही आहे. तरीदेखील नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लापूर येथे ऊस उत्पादकांना टनामागे ३५०० रुपयांच्या मागणीसाठी रस्त्यावर बसावे लागले. अखेर शासनाच्या मध्यस्थीने ३३०० रुपयांवर तडजोड झाली. निपाणीनंतर चव्वेचाळीस वर्षांनीही भाव मागण्याचे ठिकाण रस्ताच राहावे, हे आपल्या व्यवस्थेवरील भाष्य आहे. आणि तोडणीसाठी फडात उतरणारी टोळी त्या तडजोडीच्या बैठकीत कोठे होती, हा प्रश्न तेथेही विचारावा लागतो.

५. निष्कर्ष

एवढ्या चिकित्सेनंतर आम्ही न्याय्य व्यापाराची कल्पना टाकून द्यावी असे म्हणत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या ‘कारितास इन व्हेरिताते’मध्ये अशा व्यापाराचे स्वागत करतानाच त्याला अटी घातल्या आहेत : व्यवहार पारदर्शक असावा, उत्पादकाला केवळ नफा न मिळता कौशल्य व शिक्षणही मिळावे, आणि ही चळवळ कोणत्याही पक्षीय मतप्रणालीची ओलीस होऊ नये. निपाणीच्या अनुभवावरून आम्ही तीत आणखी तीन अटी घालू इच्छितो. भाव हा ग्राहकाच्या उदारतेवर न राहता विक्रेत्याच्या संघटित हक्कावर उभा असावा. भावाचा हिशोब मालकाशी न थांबता शेवटच्या मजुरापर्यंत जावा. आणि वस्तू अपायकारक असेल तर ती सोडण्याचा खर्च सर्वांत गरीब माणसावर पडू नये.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या धर्मग्रामात शेतकरी, मजूर आणि दुकानदार एकाच बाकावर बसतात. तेथे न्यायाविषयी बोलणे सोपे नसते. एकाचा भाव तो दुसऱ्याचा खर्च असतो. म्हणून काही धर्मगुरू या विषयाला हात घालीत नाहीत, आणि काही जण सर्वांनी प्रेमाने राहावे एवढे सांगून थांबतात. आम्हास हे दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो. दोन्ही ठिकाणी आज्ञा अत्यंत व्यावहारिक आहे : किती, कोणाला आणि कधी. धर्मशिक्षकाने हे उतारे शिकवताना मुलांना आपल्याच गावातील पावती, वजनकाटा आणि हजेरीपट यांविषयी विचारण्यास शिकवावे. कापणीनंतर पैसे किती दिवसांनी आले? वजनात तूट किती धरली? आईची मजुरी कोणी ठरवली?

हे प्रश्न लहान दिसतात. परंतु महामार्गावर बसलेले शेतकरी आणि वखारीतून बाहेर पडून सभेला जमलेल्या बाया हेच प्रश्न विचारीत होत्या, आणि त्यांना ते फार महागात पडले. पुढील पिढीला ते विचारण्यासाठी रस्त्यावर यावे लागू नये, यासाठी ते आधी धर्मग्रामाच्या सभेत, सहकारी सोसायटीच्या बैठकीत आणि आपल्या प्रवचनांत मोकळेपणाने विचारले गेले पाहिजेत.